उरलेल्या पाच हिरव्या

कट्‌.

दुपारच्या शांततेत एवढासाच आवाज झाला. माझी लेक मनवा नुकती झोपली होती. बाबा गॅलरीत आरामखुर्चीत, छातीवर पेपर ठेवून डुलकी काढत होते. मी जेवणाच्या टेबलाशी वही उघडून बसले होते. मनवा झोपते तो तास-सव्वा तास माझा. त्यात बेल वाजू नये, कुरिअरवाला येऊ नये, एवढंच माझं देवाकडे मागणं असतं.

"काय झालं गं, आई?"

"काही नाही," आई स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली. "ओट्याला हात लागला. बांगडी वाढली."

मी उठून गेले. आई डाव्या हातानं ओट्यावरचे हिरवे तुकडे गोळा करत होती. उजवा हात नेहमीसारखा पदराआड.

"हो बाजूला. मनवाच्या पायात जातील." मी केरसुणी घेतली.

"लिही तू. मी करते."

"आई, हो बाजूला."

ती झाली. तिच्या डाव्या हातात सहा होत्या, आता पाच उरल्या. मी तुकडे कागदात गुंडाळले, टेबलाशी परत आले, आणि जे लिहायला बसले होते ते बाजूला ठेवून हे लिहायला घेतलं.

दहावीत होते मी. येरळेच्या काठचं आमचं तालुक्याचं गाव. आम्हाला मराठीला चिटणीस बाई होत्या. उंच, किडकिडीत, आवाज मात्र देवळातल्या घंटेसारखा. त्या कवितेचा अर्थ कधी विचारायच्या नाहीत. कविता फळ्यावर लिहायच्या, हात झटकायच्या आणि म्हणायच्या, "काय दिसलं? उद्या लिहून आणा. गाईडातलं आणलंत तर मला वास येतो."

बाईंची एक अर्थवही होती. लाल कापडी बांधणीची, कपाटात कुलपात ठेवलेली. प्रत्येक कविता, प्रत्येक गोष्ट संपली की ज्या मुलीला सगळ्यांत चांगलं दिसलं असेल तिनं ते त्या वहीत स्वतःच्या हातानं उतरवायचं, खाली नाव घालायचं. पुढच्या वर्षी बाई नव्या मुलींना ती वही वाचून दाखवायच्या. म्हणजे आपण शाळा सोडून गेलो तरी आपला अर्थ त्या वर्गात बसून राहायचा.

आठवीपासून सतरा पानं माझी होती. 'मैथिली गरुड' हे नाव मी त्या वहीत इतक्यांदा लिहिलं होतं की 'गरुड'मधला 'रु' आपोआप पंख काढल्यासारखा यायचा.

मला सगळीकडे काहीतरी दडलेलं दिसायचं. कवितेत दार आलं की मरण, नदी आली की आयुष्य, पाखरू आलं की जीव. आणि ते सांगायला शब्द द्यायला बाबा होते. बाबा वकील. कोर्टातून आले, चहा घेतला की म्हणायचे, "हं, ऐकव." मी वाचायची. ते डोळे मिटून ऐकायचे. "'दुःख' नको, 'व्यथा' म्हण. दुःख काय, कुणालाही होतं." मग माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. सगळ्या गावात त्यांच्यासारखे बाबा कुणाचे नव्हते. मैत्रिणींच्या वडलांना मुलगी कितवीत आहे हेसुद्धा धड सांगता यायचं नाही.

त्या जूनमध्ये रोहिणी कोळपकर आमच्या वर्गात आली. मामाकडच्या खेड्यात नववीपर्यंत शिकून आईकडे परतलेली. तिच्या आईचं कासारगल्लीत बांगड्यांचं दुकान. सणावाराला पेटी घेऊन त्या घरोघर जायच्या. आमच्याही घरी यायच्या. रोहिणी मागच्या बाकावर बसायची, बोलताना 'न्हाई' म्हणायची, आणि बाईंनी काही विचारलं की उभं राहून आधी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची. पहिले दोन महिने मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग ती म्हाताऱ्या दुकानदाराची गोष्ट आली. बंद पडलेल्या दुकानाच्या दाराला तो रोज सकाळी तेल घालतो, एवढीच गोष्ट. मी साडेतीन पानं लिहून नेली. दार म्हणजे मृत्यू, तेल म्हणजे माणसाची न संपणारी आशा. बाई मान डोलवत होत्या. तेवढ्यात मागून ओढणी गुंडाळत रोहिणी उठली.

"बाई, दार वाजू नये म्हणून घालतोय त्यो. आत त्याची बायको आजारी हाय ना? दुसऱ्या पानावर हाय. तिची झोप मोडंल म्हणून."

आम्ही सगळ्यांनी दुसरं पान उलटलं. होती. एका ओळीत होती ती बायको, खोकणारी. तिला आम्ही सगळ्या विसरलो होतो.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाईंनी चष्मा काढणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. तो आजवर फक्त माझ्यासाठी निघाला होता.

"वहीत लिही, रोहिणी."

तिनं दोन ओळी लिहिल्या. दोन! त्यात शुद्धलेखनाच्या चुका चार. मधल्या सुट्टीत मी बाईंच्या टेबलाशी जाऊन त्या मोजल्या.

त्यानंतर आणखी दोन पानं तिच्या नावावर गेली. मला भूक लागेनाशी झाली. ती लिहिताना जीभ बाहेर काढते, म्हणून मी आरशासमोर जीभ बाहेर काढून लिहून पाहिलं. ती काळ्या रिबिनी बांधते, म्हणून मी पांढऱ्या सोडून काळ्या आणवल्या. "छान दिसतात गं तुला," ती साधेपणानं म्हणाली, आणि मी त्याच दिवशी त्या काढून टाकल्या. एकदा तर देवासमोर उभी राहून मी म्हटलं, तिला ताप येऊ दे. मग घाबरून जोडलं, थोडाच. कवितेपुरता.

बाबांना सगळं सांगत होते. ते हसले. "अगं, असा साक्षीदार रोज येतो माझ्यासमोर. गोड बोलणारा, डोळ्यांत पाणी आणणारा. त्याला एकच विचारायचं. नाव सांग. तारीख सांग. हवेत बोलणारा तिथंच पडतो."

संक्रांत झाली आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्षातली शेवटची कविता फळ्यावर लिहिली. ती मला अजून पाठ आहे.

डावा हात तिने दिला,
हिरव्या सहा चढल्या.
उजवा मात्र पदराखालून
काही केल्या निघेना.
"राहू दे गं मावशी आज,"
म्हणून हसली थोडी.
उरलेल्या पाच हिरव्या
कासारणीने बांधल्या.
गाठ मारली. सोडली.
पुन्हा गाठ मारली.

"शेवटचं पान," बाई खडूचे हात झटकत म्हणाल्या. "तुमच्या वर्षाचा शेवटचा अर्थ. बघा, कुणाचा."

वर्गातल्या माना आधी माझ्याकडे वळल्या आणि मग मागच्या बाकाकडे. कासारीण कवितेत आणि कासारणीची पोरगी वर्गात! मला फळ्यावरची कविताच फसवी वाटायला लागली.

घरी येऊन मी स्वयंपाकघरात पाटावर बसले. गाईड चोरून उघडलं होतं, त्यात लिहिलं होतं, नववधूची लज्जा. गाठ म्हणजे जन्मगाठ. असलं तर वर्गातल्या चाळीसही जणी लिहून आणणार.

"मैथिली, जरा कणीक भिजवून देतेस का?" आई म्हणाली.

"आई! उद्या शेवटची कविता आहे!"

"बरं, राहू दे." ती परातीशी बसली. डाव्या हातानं पीठ ढवळायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "काय आहे कवितेत?"

मी वाचून दाखवली. तिचा हात पिठात थांबला. मला वाटलं, ऐकतेय.

"सांग ना, आई. उजवा का देत नाही ती? लाजबीज नको, ते गाईडात आहे. तू तर भरतेस बांगड्या. काय असेल?"

आई पीठ बोटांवरून सुटं करत राहिली. मग म्हणाली, "उजवा माहेरी गेल्यावर भरीन, असं म्हणाली असेल."

मी ओरडलेच. "आई!" डावा हात सासरचा, उजवा माहेराचा. एक हात देऊन टाकला, एक राखून ठेवला. कासारीण गाठ सोडते, कारण तिलाही आपलं माहेर आठवतं. सगळं कसं चपखल बसत गेलं. मी आईच्या गळ्यात पडायला गेले तर ती अंग चोरून मागे सरकली.

"पिठाचे हात आहेत," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी वाचलं तेव्हा वर्गात पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. 'उजवा हात तिनं माहेरासाठी राखून ठेवला, जसं आपण अत्तराची कुपी राखून ठेवतो.' अत्तराची कुपी माझी स्वतःची. दोन-तीन मुली डोळे पुसत होत्या. मी वर पाहिलं. बाईंचा हात चष्म्याकडे गेला होता.

"अजून कुणाला काही वेगळं दिसलंय?" त्यांनी विचारलं, आणि मला कळलं की त्या कुणाची वाट बघतायत.

रोहिणी उठली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"बाई, तिचा हात दुखतोय."

कुणीतरी खुदकन हसलं.

"म्हणजे?"

"बांगडी भरताना हात दाबावा लागतो. इथं." तिनं आपल्या अंगठ्याखालचा उंचवटा दाबून दाखवला. "हाडं आत घ्यावी लागतात, तवा बांगडी चढती. चांगला हात आसला तरी डोळ्यांत पाणी येतं. दुखावलेला हात कुणी दाबू देत न्हाई. डावा दिला, म्हंजी लाज न्हाई, बाई. लाज आसती तर डावाबी दिला नसता."

हसणं थांबलं.

"आन्‌ ती कासारीण..." रोहिणी अडखळली. "तिला कळलंय. इचारावं म्हणून गाठ सोडती. मग वाटतं, आपण कोण इचारणार? म्हणून परत बांधती. पाचच्या पाच न्यायच्या न्हाईत तिला. पण काय करंल?"

बाईंनी चष्मा काढला. टेबलावर ठेवला. पदरानं डोळे टिपले आणि कपाटाच्या किल्लीसाठी पर्स उघडली.

मी न विचारता उभी राहिले.

"बाई, हे कवितेत कुठं लिहिलंय?"

"मैथिली..."

"दुखतोय असा शब्द आहे का एक तरी? हात कशानं दुखावला? कुणी दुखावला? आपण काय वाट्टेल ते घालायचं का कवितेत?" मी मागे वळले. रोहिणी माझ्याकडे पाहत होती. "तू पाहिलायस असा हात? खरोखर पाहिलायस? मग नाव सांग. कुणाचा? कोणत्या दिवशी? सांग ना!"

तिचं तोंड उघडलं होतं तसंच राहिलं. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला आणि मला आतून असं बरं वाटलं, असं गार वाटलं! हवेत बोलणारा तिथंच पडतो. बाबा म्हणाले तसंच.

मग तिनं मला एक प्रश्न विचारला, अगदी हळू. "ते माहेरचं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? माझं मलाच सुचलं."

ओढणीचं टोक तिच्या बोटावरून सुटलं.

"चुकलं माझं, बाई," ती म्हणाली. "मी आपलं दुकानातलं काहीबाही सांगितलं. मैथिलीचंच बरोबर हाय."

"अगं, असं कसं? तू किती छान..."

"न्हाई, बाई. तिचंच घ्या." आणि ती खाली बसली. बाईंनी दोनदा उठवलं तरी उठली नाही.

शेवटचं पान मी लिहिलं. अत्तराच्या कुपीसकट. अक्षर इतकं सुंदर आलं होतं की मी त्यावर फुंकर घालून शाई वाळेपर्यंत तिथंच उभी राहिले.

संध्याकाळी बाबा कोर्टातून आले. मी त्यांना बूटसुद्धा काढू दिले नाहीत. "बाबा, जिंकले! तुमचा प्रश्न विचारला. नाव सांग, तारीख सांग. पडलीच ती."

"शाबास! माझी ज्युनिअर." ते खुर्चीत बसले. आईनं चहा आणून ठेवला आणि दारात उभी राहिली. "हं, ऐकव आता. काय होती कविता?"

मी कविता म्हटली. मग माझा अर्थ वाचला. 'उजवा हात तिनं माहेरासाठी राखून ठेवला...'

बाबांनी दरवेळेसारखे डोळे मिटले नव्हते. कप हातात तसाच होता.

"छान," ते म्हणाले. कप खाली ठेवला आणि बुटाची नाडी सोडायला वाकले. "आणि त्या दुसऱ्या मुलीचं काय होतं?"

"काहीतरीच. म्हणे तिचा हात दुखतोय."

ते वाकलेलेच राहिले. नाडीला गाठ बसली असावी.

मला तेव्हा आनंदात काही सुचत नव्हतं. मी नाचत देवघराकडे गेले आणि कोनाड्यात मला पुडी दिसली. पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेल्या हिरव्या बांगड्या. मोजल्या. पाच.

"आई! अगदी कवितेसारख्या! बांगडीवाल्या मावशी येऊन गेल्या?"

"संक्रांतीच्या आदल्या दिवशी. तू शिकवणीला गेली होतीस."

"मग भरल्या का नाहीस? सणाला एकाच हातात?" आईच्या डाव्या हातात सहा होत्या. तीन दिवस होत्या. मी त्या पाहिल्याच नव्हत्या. "थांब, मी भरते. आण इकडे. हात सैल सोड, मावशी म्हणतात तसा."

"नको, मैथिली."

"अगं, आण तर!"

मी तिचा हात पदराखालून ओढला, आणि रोहिणीनं वर्गात दाखवलं होतं तिथं, अंगठ्याखालच्या उंचवट्यावर, दाबलं.

आई ओरडली नाही. तिनं फक्त श्वास आत ओढला आणि दाराच्या चौकटीला टेकून खाली बसत गेली. बांगड्या माझ्या हातातून सुटल्या, पाचही फरशीवर घरंगळत गेल्या. एकही फुटली नाही.

तिचा अंगठा बुडाशी सुजून काळानिळा झाला होता. मनगटाच्या वर, पिवळट पडत चाललेले, ओळीनं चार डाग. आणि हात उलटा केल्यावर दुसऱ्या बाजूला एक.

"मोरीत पाय घसरला तिचा," मागून बाबा म्हणाले. तोच आवाज, 'व्यथा म्हण' सांगणारा. "तुला सांगितलं नाही का तिनं?"

मी आईकडे पाहिलं.

"हो गं," आई म्हणाली. "मोरीत."

मी काही विचारलं नाही. नाव नाही, तारीख नाही. गुडघ्यांवर बसून बांगड्या गोळा केल्या, दोरा शोधला, त्यात ओवल्या. गाठ काही केल्या नीट बसेना.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत रोहिणी नळावर डबा धूत होती. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"तुला माहीत होतं."

ती डबा घासत राहिली. "काय?"

"माझ्या आईचं."

नळाचं पाणी डब्यात भरून वाहायला लागलं. तिनं नळ बंद केला.

"आईसंगं पेटी धरायला आले होते मी तुमच्याकडं. तुझ्या आईनं डावा दिला. मग म्हणाल्या, उजवा माहेरी गेल्यावर भरीन." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "आई काय बोलली न्हाई. पाच बांधल्या, गाठ सोडली, परत मारली. आन्‌ पेटीत ठिवायच्या तर तुमच्या देवघरात ठिवून आली. मग बाईंनी फळ्यावर लिवलं तवा मला वाटलं, आमच्या आईलाच कुणीतरी बघून लिवलंय."

"मग वर्गात सांगितलं का नाहीस? मी विचारत होते ना? नाव सांग म्हणत होते!"

"म्हणून तर न्हाई सांगितलं." तिनं आता माझ्याकडे पाहिलं. "तू ते माहेरचं वाचलंस तवा मला वाटलं, तुला समदं ठाव हाय, झाकायला म्हणून लिवलंस. मग तू नाव इचारायला लागलीस. तवा कळलं, तुला ठावंच न्हाई."

मी नळाच्या कठड्याला धरून उभी होते.

"आई म्हणती, एका घरचा हात दुसऱ्या दारात न्यायचा न्हाई. पेटी बंद झाली की तोंड बंद. न्हाईतर कुठली बाई आमच्यापुढं हात करंल?" तिनं डब्याचं झाकण लावलं. "मी बोलायलाच नको हुतं वर्गात. पण कविता हाय म्हणून बोलले. कवितेत कुणाचं नाव नसतं ना."

मला रडू यायला हवं होतं. तिचे हात धरायला हवे होते. खरं सांगते, त्याही क्षणी माझ्या मनात आलं ते एवढंच: तीन दिवस. माझ्या आईचा हात हिला माझ्या आधी तीन दिवस माहीत होता. आई हिच्यासमोर खोटं बोलली आणि हिला ते खोटं वाचता आलं. माझ्यासमोर तेच बोलली आणि मी त्याला अत्तराची कुपी जोडून टाळ्या घेतल्या. वहीतली तीन पानं तिनं घेतली तेव्हा वाटला नव्हता इतका हेवा मला तेव्हा वाटला. पानं माझी होती, तशी आईही माझी होती.

"कुणाला सांगू नकोस," मी म्हटलं. म्हणजे जे ती आधीपासूनच करत होती तेच मी तिला बजावलं.

"न्हाई," ती म्हणाली आणि डबा झटकत निघून गेली.

मी चिटणीस बाईंकडे गेले. म्हटलं, ते शेवटचं पान काढून टाका. रोहिणीचं घ्या.

बाई हसल्या. "मनाचा मोठेपणा चांगला आहे, मैथिली. पण लाजू नकोस. इतकं सुंदर या वहीत आजवर कुणी लिहिलेलं नाही."

"पण ते खरं नाहीये, बाई."

"खरं म्हणजे?"

सांगायचं तर आईचा हात त्या टेबलावर आणून ठेवावा लागला असता. मी म्हटलं, "काही नाही," आणि वर्गात आले.

मार्चमध्ये परीक्षा झाली, आम्ही पांगलो. रोहिणी पुन्हा भेटली नाही. पुढच्या वर्षीच्या जानेवारीत शेजारच्या देसायांची सुनीता धावत आमच्याकडे आली. आई तांदूळ निवडत होती, बाबा खुर्चीत होते.

"मैथिलीताई, आज बाईंनी तुझं पान वाचलं! माहेरासाठी राखून ठेवलेला हात! आमच्या वर्गातल्या सगळ्या रडल्या गं."

"वा," बाबा म्हणाले. "बघ, अजून तुझा अर्थ चालतोय."

आईनं एक खडा निवडून बाजूला ठेवला. डाव्या हातानं. तिचा अंगठा वाकडाच बसला होता. त्याच्यावरून आता कुठल्याच मापाची बांगडी चढत नव्हती.

इथवर लिहिलं आणि मनवा उठली. साडेचार वर्षांची आहे. उठल्या उठल्या तिला आधी आई लागते, मग पाणी, मग खेळ, याच क्रमानं. ती माझ्या मांडीवर येऊन बसली, डोकं माझ्या हनुवटीखाली खुपसलं, आणि वहीवर बोट ठेवून म्हणाली, "हे काय लिहिलंस?"

"गोष्ट."

"कुणाची?"

"एका वर्गातल्या दोन मुलींची."

"मी आहे त्यात?"

"अजून नाहीस."

तिला ते आवडलं नाही. उतरून तिनं आपला प्लॅस्टिकच्या बांगड्यांचा डबा आणला आणि आजीसमोर फतकल मारून बसली. "मी बांगड्यावाली. चला बाई, हात द्या. सैल सोडा."

आईनं डावा हात पुढे केला. मनवानं गुलाबी, पिवळ्या, निळ्या, जेवढ्या होत्या त्यातल्या निम्म्या चढवल्या. मोजून वाटणी करणारी पोर आहे ती.

"आता दुसरा."

"राहू दे गं," आई हसली. "उजवा माहेरी गेल्यावर भरीन."

मी पेन खाली ठेवलं.

"माहेर म्हणजे काय?"

"आपल्या आईचं घर."

"पण तुझी आई तर देवाकडे गेली," मनवा म्हणाली आणि सरळ पदराखाली हात घालून तिनं आजीचा उजवा हात बाहेर ओढला. आईनं या वेळी तो सोडवून घेतला नाही. एवढ्याशा बोटांनी ओढलं म्हणून असेल. मनवा तो हात मांडीवर घेऊन बघत राहिली. अंगठ्याखाली जिथं हाड वर आलंय तिथं तिनं फुंकर घातली, मी तिच्या गुडघ्याला घालते तशी.

"हे वाकडं कसं झालं, आजी?"

"मोरीत..." आई म्हणाली आणि थांबली. तिनं वर पाहिलं, माझ्याकडे. मग टेबलावरच्या वहीकडे. इतक्या वर्षांत तिनं मला ते वाक्य अर्धं कधी दिलं नव्हतं.

गॅलरीत खुर्ची करकरली. पेपर खाली पडल्याचा आवाज आला. "काय चाललंय आजी-नातीचं?" बाबांनी झोपाळलेल्या, प्रेमळ आवाजात विचारलं. "मनू, मला नाही का भरायच्या बांगड्या?"

मनवानं गॅलरीच्या दाराकडे पाहिलं. मग आजीकडे. आजीचा हात तिनं अजून सोडला नव्हता. मग मान वळवून तिनं मला विचारलं,

"आई, आजोबांना माहितीये का कसं झालं ते? त्यांना विचारू?"